पोटखराबा

एकतीस वर्षं जमिनी मोजल्या,
फलटण, माण, खटाव,
आधी साखळीनं, मग यंत्रानं.
आता हडर्सफील्डला, मुलीच्या घरातल्या सर्वांत लहान खोलीत
माझ्या पुढ्यात हे एक टेराबाइटचं रान.

केतकी रात्रपाळीला निघताना म्हणाली,
"सी भरलाय, बाबा. लाल झालाय.
डी पुसा आणि ती जागा सीला द्या."
बुटाची नाडी बांधत म्हणाली, वर न बघता.
डीचं नाव अजून 'निनाद'.

नकाशा उघडला. पट्टीचे तीन तुकडे.
डावीकडे सी, उजवीकडे डी,
आणि दोघांच्या मधे बोटभर
एक बिननावाचा, सोळा जीबी,
कुणी पेरत नाही, कुणी उघडत नाही,
सगळं कोसळलं तर पुन्हा उभं करायला
कंपनीनं राखून ठेवलेला.
आमच्या भाषेत पोटखराबा.
पीक नाही, आकार नाही, पण सातबाऱ्यावर असतो
आणि नेमका आडवा येतो.

'वाढवा' हा शब्द फिकट पडलेला. दाबला तरी दबेना.
शाल्मली दारात येऊन म्हणाली, "आजोबा, लागून पाहिजे ना.
मधे कोणी असलं तर सी नाही जाऊ शकत."
बारा वर्षांची पोर.
लागून पाहिजे, एवढ्यावर मी
बापाकडून मुलाकडे गेलेले दावे पाहिलेत.

तिनं पेनड्राइव्हवरून दुसरीच यंत्रणा चालू करून दिली.
पोटखराबा उचलून पार टोकाला न्यायचा,
मग सीची हद्द पुढे ढकलायची.
त्याआधी डी पुसायचा.

पण मोजणीआधी लगतच्या खातेदाराला नोटीस जाते.
मी कधी चुकवली नाही,
अगदी ज्याचा पत्ता परागंदा, त्याच्याही दारावर डकवली.
पावणेदहाला लीड्सला मेसेज टाकला:
डी पुसतोय. तुमचं काही आहे का?
आधी 'तुझं' लिहिलं होतं.

बराच वेळ काही नाही.
खिडकीत कॅसल हिलवरचा मनोरा, काळ्यावर काळा.
आल्या आल्या मी त्याला स्थिर खूण धरलं होतं.
खाली उतारावर चुन्याशिवाय रचलेल्या भिंती,
अंधारात दिसत नाहीत, पण आहेत,
दगडावर दगडाचं नुसतं वजन.

साडेदहाला उत्तर:
काही नको, सर. फक्त बॉयलरची वॉरंटी आहे त्यात,
'घर २' या फोल्डरमधे. मार्चपर्यंत चालू आहे.
केतकीला सांगाल?

सर.
नऊ वर्षं बाबा म्हणायचा.

फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतलं.
मग: नक्की पुसायचं? होय.
पुन्हा विचारलं. होय.
निनादची जागा करडी झाली, इतक्या मुकाट्यानं
की मी चष्मा काढून पुसला.
कोणी काठी घेऊन बांधावर आलं नाही,
पंच नाहीत, अंगठे नाहीत, तलाठ्याचा चहा नाही.
पोटखराबा सरकायला अर्धा तास लागला.
वीज बंद करू नका, अशी सूचना होती,
म्हणून बटणापाशी खुर्ची टाकून बसलो.
बाहेर वारा सुटला होता.

शेवटी चार जीबी मी कुणालाच दिले नाहीत.
"वाया ना, आजोबा?"
"बांधाला जागा लागते."
"पण आता पलीकडे कोण आहे?"
म्हटलं, झोप जा, सकाळी शाळा आहे.

साडेसातला केतकी आली,
दिवसभराचे नसावेत इतके थकलेले खांदे, रात्रभर
दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढून.
"झालं?"
"झालं. मधे थोडा खराबा होता. सरकवला."
पेनड्राइव्ह पुढे केला.
"बॉयलरची वॉरंटी आहे यात. मार्चपर्यंत चालते."
ती कोट न काढता तो हातात धरून उभी राहिली.
कुणी सांगितलं, असं विचारलं नाही.
स्वयंपाकघरात बॉयलर ढप् करून पेटला.